नवे तंत्रशिक्षण आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ या विषयावर चार शब्द बोलायचे आहेत. नाव परके असले तरी वस्तू परकी नाही. एखाद्या यंत्राने स्वतः मोजावे, मोजलेले दूरवर कळवावे आणि मिळालेल्या हुकमाप्रमाणे वागावे, एवढाच त्याचा अर्थ. मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक. हा विषय मी माझ्याच विद्यार्थ्यांकडून शिकलो, हे आरंभीच कबूल करतो.

पाण्याचे मोल मराठवाड्याला कोणी सांगायला नको. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पहिली गाडी आली, ती दहा वाघिणींची, सुमारे पाच लाख लिटरची. त्या वेळी मी लातुरातच होतो. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा राहिलो आहे. पुढे नोकरीसाठी नांदेडला आलो आणि पाहतो तो काय, शाळेच्या गच्चीवरची टाकी रोज भरून वाहते आहे, कारण मोटार बंद करण्याची आठवण कोणालाच नाही!

त्या वर्षी नववीत एक मुलगा होता. आठवड्यातून दोन दिवस तो मामाच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात जाई. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मारला. पुढे त्याचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. म्हणाले, “सर, पोराला हाताला काम आलं. आता शाळा कशाला?” पालकहो, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आहे. म्हणून त्याचे उत्तर मी सर्वांसमोर देत आहे.

त्याच आठवड्यात वाहणारी टाकी पाहून तो मुलगा मला म्हणाला, “सर, ही टाकी भरली की स्वतःच मोटार बंद करील, असं करता येतं.” मी वर्गातील गणितात हुशार अशी एक मुलगी त्याच्या जोडीला दिली. साहित्य हजार रुपयांच्या आत आले. टाकीच्या झाकणाला आतून एक सेन्सर बसविला. तो आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी खाली सोडतो आणि पाण्यावरून परत आलेला प्रतिध्वनी टिपतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. प्रतिध्वनी यायला सेकंदाचे सहा हजारांश लागले, तर ध्वनीने दोन मीटर अंतर कापले. तो गेला आणि परत आला, म्हणून त्याचे निम्मे करायचे. पाणी झाकणापासून एक मीटर खाली आहे. मुलगा हे निम्मे करायला विसरला होता. टाकी अर्धी रिकामी असताना त्याचे यंत्र ती तळाला गेल्याचे सांगू लागले. चूक मुलीने काढली. पण रिले आणि स्टार्टरची जोडणी तिला येत नव्हती; ती त्याने मामाच्या देखरेखीखाली केली. २३० व्होल्टशी खेळ नको, हे दुकानात त्याच्या अंगवळणी पडलेले होते.

आराखडा करणे, प्रत्यक्ष उभारणे आणि उभारलेले सांभाळणे, अशा या विद्येच्या तीन पायऱ्या आहेत. तिसरी पायरी आम्हांला पावसाळ्याने शिकविली. बंद टाकीतील वाफ सेन्सरवर जमली आणि दोन महिन्यांत तो खोटे आकडे सांगू लागला. मग मोटारगाडी मागे घेताना लागतो तसा, पाणी न शिरणारा सेन्सर आणला. यंत्र बिघडले तर मोटार बंदच राहावी, अशी सोय केली. दर सोमवारी काठीने पाणी मोजून वहीत नोंद करायची, असाही नियम घातला. पासवर्डही बदलला. २०१६मध्येच जगभरातील हजारो कॅमेरे व तत्सम उपकरणे परक्यांच्या ताब्यात गेली. कारण एवढेच, की कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता.

सांभाळण्याचे महत्त्व आपल्या भूमीला नवे नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकी, म्हणजे पुढच्या औरंगाबाद शहरासाठी जमिनीखालून नहर आणली. तिच्या वाटेवर ठिकठिकाणी आत उतरून गाळ काढता येईल अशी तोंडे ठेवली. बांधतानाच देखभालीचा विचार झाला, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या पाणी देत राहिली.

आणि गरज ओळखून उपाय करणारे आपल्या महाराष्ट्रात आजही आहेत. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी वृद्ध आजोबांची रात्रीची पायपीट पाहिली होती. पिकाला पाणी द्यायचे तर वीज येईल तेव्हा शेतात जाणे भागच होते. त्यांच्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणामुळे शेतकरी घरबसल्या मोबाईलवरून पंपाजवळ वीज आहे की नाही हे जाणून मोटार चालू-बंद करू शकतो. २००९मध्ये त्याला नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळाले.

तेव्हा त्या वडिलांना मी जे सांगितले, तेच तुम्हांला सांगतो. ज्या स्टार्टरची दुरुस्ती आज तुमचा मुलगा करतो, त्या स्टार्टरमध्ये आता सिमकार्ड बसू लागले आहे. हात तुमच्या घरात आहे. वही सोडली तर उद्या तो हातही रिकामा राहील. आणि ज्यांच्या मुलांचे सारे लक्ष डॉक्टरकीच्या परीक्षेकडे आहे, त्यांनाही सांगणे आहे की एका दरवाज्यापाशी सारी गर्दी करू नका. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत ‘आयओटी टेक्निशियन’ हा व्यवसायही आहे. तो जवळच्या आयटीआयमध्ये आहे का, याची चौकशी करा. नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१पासून श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. इंग्रजी समजणाऱ्यांसाठी खरगपूर आयआयटीचे प्राध्यापक सुदीप मिश्रा यांची या विषयावरील व्याख्याने एनपीटीईएलवर विनामूल्य आहेत. मुलींना यातून वगळू नका. आमच्या टाकीचे गणित मुलीनेच सोडविले आहे.

दाखला त्या दिवशी दिला गेला नाही. तो मुलगा आज पॉलिटेक्निकमध्ये आहे आणि सुटीच्या दिवशी अजूनही मामाच्या दुकानात बसतो. प्रगतिपुस्तकातील माझा शेरा मात्र तसाच राहिला. लक्ष त्याचे नव्हे, माझे नव्हते.