पडछाया

बीड शहरी मे महिन्याच्या मध्यास व पुन्हा जुलैच्या अखेरीस असा एकेक दिवस येतो की, मध्यान्ही सूर्य नेमका माथ्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच लोपते. त्या घटकेस आकाशातून पाहणाऱ्या घारीला तो खांब, की भूमीवर रेखलेले वर्तुळ, हे सांगता येणे कठीण. सावली ही उंचीची साक्ष होय. ती गेली की उंचीही डोळ्यांआड होते.

कंकालेश्वराच्या भिंतींवरील मूर्तींना ही साक्ष सूर्यच देतो. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551–1615) सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद पासोडीवर 'पंचीकरण' लिहिले. तेथे अक्षर वस्त्राच्या अंगाशी एकरूप आहे, त्याला सावलीची गरज नाही. परंतु बाजारातील पाटीचे तसे नसते. तिला रस्त्यावरच्या वाटसरूस थांबवावयाचे असते. म्हणून पाट्या रंगविणारा पेंटर प्रथम अक्षर भरी आणि मग त्याच्या उजव्या व खालच्या कडेने गडद रंगाची पट्टी ओढी. कुंचला उचलण्यापूर्वी प्रकाश कोठून येतो हे त्याला ठरवावेच लागे.

आता ते काम संगणकावर होते. फोटोशॉप अथवा विनामूल्य मिळणाऱ्या गिंप या साधनात 'ड्रॉप शॅडो' ही आज्ञा दिली की चित्रामागे पडछाया उमटते. मात्र यंत्र पडछाया देते, विचार देत नाही. तो चार ठिकाणी करावा लागतो.

पहिली गोष्ट दिशा. प्रकाश वरून येतो, असे मनुष्याची दृष्टी गृहीत धरते. म्हणूनच खड्ड्याचे छायाचित्र उलटे धरल्यास तो उंचवटा भासतो. एका पत्रिकेत गणपतीची सावली उजवीकडे व नावांची डावीकडे पडली, तर पाहणाऱ्यास कारण न कळताही ती खटकते. दुसरी गोष्ट अंतर. सावली जितकी दूर, तितकी वस्तू कागदापासून उंच. तिसरी मृदुता. सूर्यबिंब आकाशाचा सुमारे अर्धा अंश व्यापते. त्यामुळे भिंतीपासून 1 मीटर पुढे असलेल्या वस्तूच्या सावलीची कड सुमारे 9 मिलिमीटर धूसर होते आणि भिंतीस टेकलेल्या वस्तूची रेखीव राहते. सबब दूरची सावली मऊ व जवळची ठसठशीत असावी. चौथी गडदपणा. उन्हातील सावलीतही आकाशाचा उजेड पोहोचतो आणि तीतून जमिनीचा रंग दिसतो. पिवळ्या कागदावर निव्वळ काळी छाया घातली, तर ती सावली न वाटता सांडलेली शाई वाटते. 'मल्टिप्लाय' हा पर्याय यासाठीच असतो. तो खालचा रंग राखून त्यास गडद करतो.

देवनागरीत याहून मोठा धोका आहे. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांतील भेद शिरोरेषेतील लहानशा फटीवर बराचसा अवलंबून असतो. जाड पडछाया त्या फटीत शिरली की 'धन' 'घन' होते. आणि शाळेच्या फलकावरील 'भरती' दुरून 'मरती' वाचली जाते! रोमन लिपीच्या मापाने ठरविलेली छाया जशीच्या तशी उचलण्याचा हा परिणाम. लहान अक्षरांस, विशेषतः पत्ता, तारीख व औषधाचे नाव यांस, पडछाया मुळीच न देणे शहाणपणाचे. मोठ्या मथळ्यासही अक्षराच्या पोकळीहून ती अरुंद ठेवावी.

जुना पेंटर पाटी टांगण्यापूर्वी रस्ता ओलांडून पलीकडे जाई आणि तेथून ती वाचून पाही. संगणकाच्या पडद्यापुढे बसणाऱ्या तरुणाला तो रस्ता ओलांडावा लागत नाही; म्हणून छपाईपूर्वी एक प्रत भिंतीस लावून वीस पावलांवरून घरातील वडीलधाऱ्यांकडून वाचवून घ्यावी. त्यांस ती अडखळल्याविना वाचता आली, तर छाया योग्य पडली म्हणावयाचे. अन्यथा ती खुशाल पुसून टाकावी. कारण पाटीवरची छाया अक्षरासाठी असते, अक्षर छायेसाठी नसते.