मुंगळ्यांचे पाणी



दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची रीत आपणांस परिचित आहेच. सर जॉन लबक या इंग्रज गृहस्थांनी हीच युक्ती उलट्या हेतूने योजिली. मुंग्या पळून जाऊ नयेत म्हणून त्यांनी आपल्या काचेच्या मुंगीघरांभोवती पाण्याचे खंदक ठेविले. त्यांच्यापाशी एक राणी सुमारे १५ वर्षे जगली. इतक्या दीर्घायुषी जीवास पाळावयाचे, तर त्याच्या पाण्याची निगा राखलीच पाहिजे. आणि बीड जिल्ह्याच्या उन्हाळ्यात हे काम वाटते तितके सोपे नाही.

आपल्याकडे पाळण्यास सोयीचा तो मोठा काळा मुंगळा. पावसाळ्याच्या आरंभी त्याच्या पंख गळालेल्या राण्या अंगणात फिरताना आढळतात. परीक्षानळी निम्मी पाण्याने भरावी, पाण्यालगत कापसाचा बोळा घट्ट बसवावा, कोरड्या भागात राणी सोडून तोंडाशी दुसरा बोळा लावावा आणि नळी आडवी ठेवावी. पहिल्या कामकरी मुंग्या निपजेपर्यंत राणीस अन्न लागत नाही. अंगच्या साठ्यावर ती अळ्या पोसते. ओल मात्र लागते.

मुंग्या तहानेने मरतील, ही धास्ती प्रत्येक नवख्यास असते. माझ्या हातून घडले ते निराळेच. ऐन चैत्रात मी नळी पश्चिमेच्या खिडकीतील कोनाड्यात ठेविली होती. पाणी अर्धे उरले होते, म्हणून मी निश्चिंत होतो. तिसऱ्या प्रहरी पाहतो तो कोरड्या भागात पाणी साचलेले, कोश त्यावर तरंगत आहेत आणि राणी तोंडाशी असलेल्या बोळ्यास बिलगून बसली आहे. तिच्या जबड्यात अंड्यांचा एकच पुंजका उरला होता.

याचे कारण साधे आहे. पाणी जसजसे खर्च होते, तसतशी बोळ्यातून हवा आत शिरते व पाण्यामागे तिचा बुडबुडा वाढत जातो. ऊन लागले की ही कोंडलेली हवा फुगते आणि पाण्यास बाहेर लोटते. बुडबुडा दहा घनसेंटिमीटरांचा असेल व उष्णता पंधरा अंशांनी चढली, तर निदान अर्धा घनसेंटिमीटर, म्हणजे दहाएक थेंब पाणी मुंग्यांच्या घरात येते. रात्री हवा आकसून बाहेरची हवा आत ओढून घेते. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तेव्हा भरलेल्या नळीपेक्षा अर्धी रिकामी नळी अधिक घातक! एप्रिल-मे महिन्यांत ती जाड भिंतीच्या आतल्या खोलीत, जमिनीलगत ठेवावी आणि पाणी निम्मे संपताच नवी नळी तयार करावी.

दुसरा शत्रू क्षार. बीडजवळच्या खजाना विहिरीचे पाणी उपसल्यावाचून जमिनीखालील वाटेने शेतांकडे जाते. अशी वाट गाळाने बुजली, तर विहीर भरलेली असूनही शेत कोरडे राहील. बोळ्याचेही तसेच आहे. विंधनविहिरीचे जड पाणी वापरले, तर पाणी उडून जाते, क्षार कापसात साचतात व तो कडक होऊन ओल पुढे येऊ देत नाही. पावसाचे पाणी गाळून, उकळून, थंड करून वापरावे. उकळल्याने त्यात विरघळलेली हवाही बरीचशी निघून जाते, हा आणखी एक लाभ. कापूस नुसता पिवळा पडला तर घाबरू नये. काळी वा हिरवी लव दिसू लागली, तर मात्र विलंब करू नये.

नळी बदलताना मुंग्यांना झटकून काढण्याचा मोह आवरावा. दोन्ही नळ्या तोंडास तोंड लावून जोडाव्यात; नवीवर काळा कागद गुंडाळावा, जुनी उजेडात उघडी ठेवावी; ऊन मात्र लागू देऊ नये. मुंग्या आपल्या सवडीने हलतात. आमच्या मुंगळ्यांनी दोन दिवस दाद दिली नाही. तिसऱ्या रात्री दिवा मालवून आम्ही निजलो. सकाळी जुनी नळी रिकामी होती आणि काळ्या कागदाआड सारे बिऱ्हाड, कोशांसह, ओल्या कापसापासून थोडे दूर बसले होते.