हापूस, हार्ले आणि लासलगाव

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचे लिखित रूप)





खरे तर मला भाषणासाठी कोणी बोलावलेच नव्हते. कार्यकारिणीचे म्हणणे होते, "विसर्जनाच्या मिरवणुकीत तुमची ती हार्ले पुढे ठेवू, भगवा लावू, फोटो झकास येतील." मी नाही म्हटले. तेव्हा "नाही का, ते स्टेजवर येऊन सांगा" अशी शिक्षा झाली. ती भोगायला उभा आहे.

आधी ओळख. मी नाशिक जिल्ह्यातील लासलगावचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेत ज्युनियर इंजिनीयर म्हणून लागलो आणि बदल्या होत होत गाझियाबादला स्थिरावलो. काम कॅरेज अँड वॅगनचे, म्हणजे डबे आणि त्यांची चाके. अशा माणसाकडे हार्ले-डेव्हिडसनची 'इलेक्ट्रा ग्लाइड' कुठून आली, हा प्रश्न सोसायटीत दबक्या आवाजात विचारला जातो. म्हणून आधीच सांगतो. गाडी २०१२ ची आहे. मी ती २०२१ मध्ये दुसऱ्या हातची घेतली, नऊ लाखांना. सरकारी नोकराने दोन महिन्यांच्या मूळ पगाराहून मोठी जंगम खरेदी केली तर खात्याला कळवावे लागते, तेही कळवले आहे. पैसे कुठले, ते शेवटी सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

ही गाडी भारतात आली कशी, यात आपल्या महाराष्ट्राचा मोठा हात आहे. अमेरिका बरीच वर्षे आपला आंबा घेत नव्हती. आंब्यातून कीड येईल ही भीती. इकडे आपले प्रदूषणाचे नियम असे होते की एवढ्या मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकली आयात होणे अवघड. २००७ मध्ये दोन्ही सरकारांनी देवाणघेवाण केली : तुम्ही आंबा घ्या, आम्ही मोटरसायकल घेतो. मात्र आंब्यावर किरणांचा मारा करूनच तो पाठवायचा, अशी अट होती. ती सोय कुठे होती? आमच्या लासलगावला! भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' हे विकिरण केंद्र तिथे २००२ पासून होते, कांदा टिकवण्यासाठी उभारलेले. कोबाल्ट-६० च्या किरणांनी कांद्याला कोंब येत नाहीत. तेच किरण जास्त मात्रेत दिले की आंब्यातली कीड निष्प्रभ होते. म्हणजे कोकणचा हापूस घाट चढून कांद्याच्या गावी आला आणि तिथून अमेरिकेला गेला. आमच्या गावाने स्वतःसाठी मागितले असते तर ट्रॅक्टर मागितला असता. वाट मोकळी झाली ती हार्लेची.

तरी गाडी लगेच आली नाही, कारण आयातकर जबर होता. कंपनीने २००९ मध्ये भारतात येण्याची घोषणा केली, २०१० मध्ये विक्री सुरू झाली आणि २०११ मध्ये बावलला जुळणीचा कारखाना निघाला. बावल म्हणजे आपल्या रेवाडीजवळ; वाफेच्या इंजिनांची जुनी शेड बघायला आपण सहल नेली होती, त्याच भागात. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने तो कारखाना बंद करण्याचे जाहीर केले आणि पुढे विक्रीचे काम हीरो कंपनीकडे दिले. माझ्यासारख्याला ही गाडी परवडली ती त्या गडबडीमुळेच. सुटे भाग मिळतील की नाही या धास्तीने काही जण गाड्या काढून टाकत होते.

कराची आणखी एक गंमत. २०१८ मध्ये आपण तो ७५ वरून ५० टक्क्यांवर आणला, तरी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आपल्या करावर जाहीर तक्रार केली. २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसीच्या वरच्या गाड्यांसाठी तो ३० झाला. पण याच हार्लेला जपानी गाड्यांपासून वाचवण्यासाठी अमेरिकेने १९८३ मध्ये मोठ्या मोटरसायकलींवर ४५ टक्के जादा कर बसवला होता! आपले ते संरक्षण आणि दुसऱ्याचा तो अन्याय, असे जगभर चालते.

आता गाडीविषयी. तेल-पेट्रोल भरून वजन चारशे किलोच्या घरात. इंजिन सोळाशे सीसीच्या आसपास, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या मोटारीपेक्षा मोठे. पेट्रोलची टाकी साधारण तेवीस लिटरची. पाठीमागे बसणाऱ्याला पाठ टेकायला गादी, दोन्ही हातांना आधार, बाजूला दोन पेट्या, मागे एक पेटी, पुढे रेडिओ. आमच्या सौ. पहिल्यांदा बसल्या तेव्हा म्हणाल्या, "सोफासेट आणला आहे. आता याच्यावर पाहुणे कधी येणार?"

आणि आवाज. रेल्वेवाल्यांना हा भाग आवडेल. या इंजिनात दोन सिलिंडर, त्यांच्यात पंचेचाळीस अंशांचा कोन, आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर. चार स्ट्रोकचे चक्र ७२० अंशांचे. त्यात दोन स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत. एक अंतर ३१५ अंशांचे, दुसरे ४०५ चे. म्हणून आवाज एकसुरी न येता ठक-ठक... ठक-ठक असा लंगडत येतो. या आवाजाची नोंदणी ट्रेडमार्क म्हणून व्हावी असा अर्ज कंपनीने १९९४ मध्ये केला होता. २००० मध्ये मागे घेतला.

मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा जागीच थांबलो. काहीतरी ओळखीचे वाटत होते. काय, ते रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले. लासलगावला आमचे घर रुळाजवळ. तेव्हा रूळ फिशप्लेटने जोडलेले असत. बोगीची दोन चाके सांध्यावरून जात, मग जरा उसंत, मग पुढची दोन : ठक-ठक... ठक-ठक. त्या तालावर मी लहानपणी झोपलो आहे. आता सगळीकडे वेल्ड केलेले लांब रूळ आहेत आणि आम्हीच ते चांगले म्हणतो. चांगलेच आहेत, गाडीला आणि रुळाला दोघांना. पण तो आवाज गेला. मला तो नऊ लाखांना परत मिळाला. महाग पडला, पण मिळाला.

आता मिरवणुकीला नाही का, ते. ही गाडी सरळ रस्त्यावर लोण्यासारखी चालते. तिची परीक्षा हळू चालवण्यात आहे. इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नाही, ते वाऱ्यावर थंड होते. दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये वारा कुठला? फार तापले की उभ्या गाडीत मागच्या सिलिंडरचे पेट्रोल आपोआप बंद होते आणि एकाच सिलिंडरवर इंजिन धुगधुगत राहते, इतकी उष्णता मांडीला लागते. शिवाय हिला रिव्हर्स नाही. उतारावर तोंड करून उभी केलीत तर चारशे किलो पायांनी मागे रेटायचे. म्हणून उभी करतानाच निघायचे कसे, हे ठरवावे लागते.

हे मी शिकलो ते पडून. गाडी घेतल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यात सौ. मागे बसलेल्या असताना यू-टर्न घेत होतो. चार लोक बघत होते, म्हणून मीही जरा ऐटीत होतो. समोर कुत्रे आले, हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी आडवी. वेग किती? माणूस चालतो तेवढा. गाडी तिच्या लोखंडी गार्डवर टेकली, तिला ओरखडा. सौभाग्यवतींच्या पोटरीला मात्र सायलेन्सरचा चटका बसला. तो डाग अजून आहे. मी आधी गाडीकडे धावलो, मग त्यांच्याकडे. हे त्यांनी पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढे सहा महिने गाडीवर बसल्या नाहीत. गाडी उचलायला एक ई-रिक्षावाला आला. मला म्हणाला, "भाईसाब, पहले भाभीजी को देखो." डिप्लोमात हा विषय नव्हता.

तेव्हापासून नियम केले. वळताना नजर चाकाकडे नाही, जायचे तिकडे. सावकाश चालताना फक्त मागचा ब्रेक. हेल्मेट दोघांना. आणि गर्दीत, लहान मुलांत ही गाडी न्यायची नाही. ढोल-ताशाच्या पुढे तासभर पायी चालीने हे तापलेले धूड, आजूबाजूला तुमची-आमची पोरे, आणि वर चालवणारा फोटोसाठी हसणारा. हे बाप्पाला चालले तरी मला चालणार नाही.

आता पैशांचे. अप्पा गेल्यानंतर आम्ही दोघा भावांनी शेताचा एक तुकडा विकला. हे नऊ लाख माझ्या वाट्याचे. कायद्याने माझेच. धाकटा भाऊ तिथेच शेती करतो, कांदा लावतो, जुना ट्रॅक्टर दुरुस्त करकरून चालवतो. त्या दिवाळीला मी ही गाडी घेऊन गावी गेलो. आग्रा, ग्वाल्हेर, शिवपुरीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी इंदूर. तिसऱ्या दिवशी धुळे, मालेगाव, चांदवडवरून लासलगाव. साधारण बाराशे किलोमीटर. आग्र्याहून महाराष्ट्राकडे निघालेल्या मराठी माणसाला कोणाची आठवण होते ते सांगायला नको. मीही स्वतःला कोणीतरी समजत होतो.

अंगणात गाडी लावली. सगळी आळी जमली. आईने गाडीभोवती एक चक्कर मारली, हळदकुंकू लावले आणि किंमत विचारली. मी खरी सांगितली. ती म्हणाली, "एवढ्यात ट्रॅक्टर आला असता ना रे." बस्स, एवढेच. भाऊ हसला, म्हणाला, "दादा, मला मार्केटला सोड यावरून." सोडले. त्या वर्षीही तो जुनाच ट्रॅक्टर नांगरटीला होता.

आईचे ते वाक्य बाराशे किलोमीटर माझ्याबरोबर परत आले. मी हौस केली याचे मला दुःख नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सुरक्षित धाडणाऱ्याने एक गाडी स्वतःसाठी घ्यावी, यात पाप नाही. पण घेण्याआधी मी आईला, भावाला विचारले नाही. विचारले असते तर दोघेही 'घे' म्हणाले असते, म्हणूनच विचारायला हवे होते.

आता दुसरा योग आला आहे. दिल्ली-एनसीआरमध्ये पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा आहे. मध्यंतरी न्यायालयाने जुन्या गाड्यांना दिलासा दिला होता. डिसेंबर २०२५ मध्ये तो बीएस-फोर आणि पुढच्या गाड्यांपुरता राहिला. माझी बीएस-थ्री. म्हणजे २०२७ ला इथले तिचे दाणापाणी संपते. त्याआधी एनओसी घेऊन तिला महाराष्ट्रात नेता येईल. मित्र म्हणतात, "ठेव गावी, रिटायर झाल्यावर चालव." मी आणि सौ.नी मिळून वेगळे ठरवले आहे. यंदा दिवाळीला दोघे तिच्यावरून लासलगावला जाणार, आणि तिकडेच विकणार. जे येईल त्यातले निम्मे भावाच्या ट्रॅक्टरला. तो घेणार नाही म्हणतो. आईला मध्ये घातले आहे, म्हणजे घेईल.

मन तयार आहे का? नाही. काल रात्रीच सुरू करून पाच मिनिटे नुसता ऐकत उभा होतो.

तोपर्यंत ज्याला बसायची इच्छा आहे त्याने रविवारी सकाळी सहाला, रस्ता मोकळा असताना, हेल्मेट घेऊन यावे. मिरवणुकीत मात्र मी तुमच्याबरोबर पायीच असेन, टाळ घेऊन.

मंगलमूर्ती मोरया!