आधी नळ, मग मशीन



वॉशिंग मशीन चालू आहे, आवाजही नेहमीचाच आहे, पण तासा-सव्वातासाने कपडे बाहेर काढावेत तर कॉलर तशीच मळकी, काळ्या पँटवर पावडरचे पांढरे पट्टे आणि टॉवेलला कुबट वास. अशा वेळी आपला पहिला फोन जातो मेकॅनिकला. माझं म्हणणं एवढंच आहे की, तो फोन दुसरा असावा. पहिली नजर नळाकडे जावी. मशीन बंद पडणं वेगळं आणि मशीनने नीट न धुणं वेगळं. बंद पडलेल्या मशीनचा दोष बहुधा त्याच्या पोटातच असतो. पण चालतं आणि धूत नाही, अशा मशीनच्या बाबतीत पाणी आत कसं येतं, आत टिकतं का आणि बाहेर कसं जातं, हे तीन प्रश्न आधी विचारायला हवेत. मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ, लालबागसारख्या भागात तर नक्कीच. कारण चोवीस तास भरलेला नळ गृहीत धरून बनवलेलं यंत्र आपण ठरावीक वेळेलाच येणाऱ्या पाण्याला जोडलेलं असतं.

कपडा स्वच्छ कशाने होतो? हर्बर्ट झिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये याचं सोपं सूत्र मांडलं. घासणं-आपटणं, साबण, उष्णता आणि वेळ या चार गोष्टी मिळून मळ काढतात. एक कमी पडली तर उरलेल्या तिघींनी ती भरून काढावी लागते. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर कपडे भिजवणं, दगडावर आपटणं, भट्टी लावणं चालायचं, ते याच हिशेबाने. चाळीच्या मोरीतलं धोपाटणंही तेच काम करायचं. मशीनमध्ये आपटण्याचं काम ड्रम किंवा खालची चकती करते. मात्र या चौघी राबतात त्या पाण्यात. सुटलेला मळ पाण्यात उतरतो आणि पाण्याबरोबरच बाहेर पडतो. पाणी अडखळत आलं तर वरच्या कप्प्यातली पावडर पूर्ण वाहून जात नाही. तिचे गोळे उरतात आणि ते खंगाळण्याच्या फेरीत कपड्यांवर उतरतात. मध्येच पाणी गेलं तर कपडे साबणाच्या गढूळ पाण्यात पडून राहतात आणि निघालेला मळ पुन्हा त्यांच्यावरच बसतो.

आता दाबाचा हिशेब करू. दहा मीटर उंच पाण्याचा दाब साधारण एक बार भरतो. बऱ्याच ऑटोमॅटिक मशीनच्या पुस्तिकेत किमान ०.३ बारच्या आसपास दाब मागितलेला असतो. म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा निदान तीन मीटर वर हवं. पोटमाळ्यावर ठेवलेलं पिंप ही अट पुरी करत नाही. गंमत अशी की, टॉवरच्या सगळ्यात वरच्या मजल्यालाही ती पुरी करणं जड जातं. गच्चीवरची टाकी डोक्यावरच असते, त्यामुळे सगळ्यात महागडा मजला दाबाच्या बाबतीत सगळ्यात गरीब ठरतो. आपल्या घरी काय परिस्थिती आहे हे कळायला मीटर लागत नाही. मशीनच्या नळाखाली दहा लिटरची बादली लावा आणि घड्याळ पाहा. बादली भरायला पाच मिनिटं लागली, तर चाळीस लिटर पाणी घेणाऱ्या टॉप लोड मशीनला एकदा भरायलाच वीस मिनिटं हवीत. एक धुणं आणि दोन खंगाळणी धरली, तर तासभर नुसतं भरण्यात गेला. तेवढ्यात पाण्याची वेळ संपते आणि दोष येतो मशीनच्या माथी.

इथे कुणी विचारेल, की पाण्याचा दोष असेल तर हेच मशीन वर्षभर छान कसं धूत होतं? शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर एका छोट्या जाळीत आहे. नळाचा पाईप मशीनला जिथे जोडतो, तिथे आत ही जाळी बसवलेली असते. जुन्या लोखंडी पाईपांतला गंज आणि पाणी सुरू होताना येणारा गाळ ती अडवते आणि हळूहळू बुजत जाते. बादली झटपट भरते, पण मशीन भरायला वेळ लावतं, असं दिसलं तर संशय या जाळीवरच घ्यावा. प्लग काढा, नळ बंद करा, पाईप सोडवा, जाळी पकडीने अलगद ओढा आणि जुन्या टूथब्रशने धुऊन परत बसवा. पाणी आल्या आल्या मशीन लावू नये. पहिली बादली लादी पुसायला ठेवावी. पांढऱ्या कपड्यांवरचे पिवळसर डाग गंजाचे असतील, तर क्लोरीनच्या ब्लीचने ते जात नाहीत, उलट पक्के होतात. दाब वाढवायला हमखास सूचना येते ती पंपाची. इमारतीच्या स्वतःच्या टाकीतून पाणी घेणारा पंप चालेल. पालिकेच्या लाइनवर थेट पंप लावायला मात्र मनाई आहे आणि ती योग्यच आहे. तो पंप शेजाऱ्याचं पाणी ओढतो, आणि लाइन रिकामी असली तर फुटक्या जोडांतून गटाराची घाणही.

पाणी आलं, आता ते टिकलं पाहिजे. आपल्याकडे सांडपाण्याचा पाईप सरळ मोरीत सोडायची सवय आहे. ज्या मशीनमध्ये पाणी पंपाने बाहेर फेकलं जातं, त्यात हा पाईप जमिनीवर पडला की भरता भरताच पाणी निघून जाऊ शकतं. मशीन भरतच राहतं आणि कपडे अर्ध्या पाण्यात फिरतात. फ्रंट लोड मशीनचा पाईप म्हणूनच कमरेच्या आसपास उंच अडकवायचा असतो. याउलट बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये पंपच नसतो; खालची झडप उघडते आणि पाणी उताराने जातं. तिथे पाईप उंच ठेवला की घाण पाणी आतच तुंबतं. दोन मशीनचे नियम असे उलटे, आणि शेजाऱ्याचं पाहून जोडणी केली की घोटाळा ठरलेला.

साबणाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. कपड्यांवर पांढरं दिसलं, की पाणी जड आहे असं सांगून क्षार काढायची पावडर किंवा फिल्टर गळ्यात मारला जातो. पण मुंबईला १८६० पासून विहारचं आणि १८९२ पासून तानसाचं पाणी मिळत आलं, पुढे वैतरणा आणि भातसाही आले; हे सगळं पावसाचं, तलावात साठलेलं पाणी आहे आणि ते हलकं आहे. हलक्या पाण्यात साबण भराभर फेसाळतो. त्यात मापाबाहेर पावडर घातली, की ड्रममध्ये फेसाची गादी तयार होते, कपडे आपटले जात नाहीत आणि फेस खंगाळूनही निघत नाही. पांढरे पट्टे बहुतेक वेळा त्या पावडरचेच असतात. इमारतीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल, तर मात्र हा युक्तिवाद लागू होत नाही. तिथे क्षाराची तक्रार खरी असू शकते. बाकीच्यांनी आधी पावडर निम्मी करावी आणि दोन-तीन धुणी पाहावी. मशीनवरचा किलोचा आकडा सुक्या कपड्यांचा असतो, हेही ध्यानात ठेवावं. दाबून भरलेल्या ड्रममध्ये कपडे फिरतात, पण एकमेकांवर आपटत नाहीत.

मग मशीन कधी बिघडतच नाही का? बिघडतं. नुसता गुंss आवाज येतो आणि चकती फिरत नाही, तेव्हा कपॅसिटर गेलेला असू शकतो. मोटर फिरते आणि ड्रम ढिला चालतो, तेव्हा पट्टा सैल झालेला असतो. हात लावताच झिणझिण्या आल्या, तर त्या क्षणी मेन स्विच बंद करून जाणकारालाच बोलवावं. ही कामं मेकॅनिकचीच. आणि पाणी पिंपातलंच असेल, तर सेमी ऑटोमॅटिक मशीन वापरण्यात कसला कमीपणा? बादलीने भरता येणारं ते यंत्र लहान खोलीला आणि ठरावीक वेळेच्या पाण्याला अधिक शहाणपणाने जुळतं.

तेव्हा मेकॅनिकला फोन जरूर करा, पण त्याआधी तीन उत्तरं कागदावर लिहून ठेवा: बादली किती मिनिटांत भरते, सांडपाण्याचा पाईप किती उंचीवर आहे आणि एका धुण्याला पावडर किती पडते. ही तीन उत्तरं हाताशी असली, की ‘बोर्ड गेलाय, बदलावा लागेल’ या वाक्याला कधी हो म्हणायचं आणि कधी थांबायचं, ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.