वाट कोणीं अडविली?



१३ नोव्हेंबर २०२१ रोजीं अमरावतींत दंगलीमुळें संचारबंदी लागू झाली, आणि अफवा पसरूं नयेत म्हणून इंटरनेटही बंद करण्यांत आलें. ही बंदी सर्वांना तत्काळ कळली. आज मला बोलावयाचें आहे तें दुसऱ्या, अबोल बंदीविषयीं.

आपण एखाद्या संकेतस्थळाचें नांव लिहितों, तेव्हां मोबाईल प्रथम ‘डीएनएस’ नामक नोंदवहींतून त्याचा आंकडी पत्ता विचारून घेतो. तेथें पहारेकरी बसविला, तर तो खोटाच पत्ता देतो. चीनची प्रसिद्ध तटबंदी ही युक्ति वापरते. पत्ता खरा मिळाला, तरी पुढें दुसरी चौकी असते. पत्रांतील मजकूर सांकेतिक लिपींत असला, तरी पाकिटावर स्थळाचें नांव बहुधा उघडें असतें. तें वाचून पहारेकरी दळणवळण तोडतो. आपणांस दिसतें तें एवढेंच, कीं पान उघडत नाहीं. दोष यंत्राचा कीं हुकुमाचा?

संशोधकांचा उपाय तुलनेचा आहे. एकच स्थळ एकाच वेळीं अमरावतीहून व अकोल्याहून, निरनिराळ्या कंपन्यांच्या मोबाईलवर उघडून पाहावें; आणि जेथें अडथळा नाहीं अशा ठिकाणाहूनही तेंच करावें. कोठेंच उघडलें नाहीं, तर बिघाड त्या स्थळाचाच असावा. एकाच कंपनीच्या वाटेवर वारंवार अडलें, तर संशय पहारेकऱ्यावर. ‘ऊनी’ हा प्रकल्प २०१२ पासून स्वयंसेवकांच्या साह्यानें जगभर हेंच करीत आहे. कांहीं देशांत असें तपासणेंही धोक्याचें असल्यानें, स्वयंसेवकांस त्याची आधीं जाणीव द्यावी लागते. आपल्याकडील कंपन्यांविषयींच्या, २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें, कीं त्या निरनिराळीं स्थळें निरनिराळ्या रीतींनीं अडवितात. एकाच भिंतीच्या दोन शेजाऱ्यांस वेगवेगळें जग दिसावें, असा हा प्रकार!

इंटरनेट बंद करण्याचे हुकूम प्रसिद्ध झाले पाहिजेत, असें सर्वोच्च न्यायालयानें १० जानेवारी २०२० रोजीं अनुराधा भसीन खटल्यांत सांगितलें. परंतु माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखालीं होणाऱ्या स्थळबंदीवर २००९ च्या नियमांनीं गुप्ततेचा पडदा घातलेला आहे. एखादी बंदी योग्यही असेल. पण जी बंदी आहे हेंच कळत नाहीं, तिच्याविरुद्ध दाद कशी मागावी? म्हणून पान न उघडल्यास यंत्रास दोष देण्यापूर्वीं शेजाऱ्यास विचारावें, ‘तुमच्याकडे उघडतें का?’ शोधाचा आरंभ तेथेंच होतो.