पाणी मागणाऱ्याची वाट पाहा



रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून देशावर जाणारा माणूस होडीने पनवेल बंदरात उतरे आणि बोरघाट चढून पुढे जाई. पदवी घेऊन तुम्हीही आज याच पनवेलहून सुवार्तेच्या सेवेला निघाला आहात. निघताना एकाच विषयावर बोलतो: बाप्तिस्मा.

हल्ली काही उपदेशक बाप्तिस्म्याचे नावच काढत नाहीत. ऐकणारा बिचकेल अशी त्यांना भीती वाटते. काही जण चार सभा झाल्या की माणसाला पाण्यात उभे करतात आणि अहवालात आकडा भरतात. मला दोन्ही गोष्टी सुवार्तेशी बेइमानी वाटतात.

प्रेषितांच्या कृत्यांतला आठवा अध्याय आठवा. फिलिप्प रथात बसून येशूविषयी सांगतो, वाटेत पाणी दिसते आणि बाप्तिस्म्याचा प्रश्न इथिओपियाचा तो अधिकारी स्वतःच काढतो. फिलिप्पाच्या बोलण्यात बाप्तिस्मा आलाच नसता, तर हे त्याला सुचले असते का? सांगणे फिलिप्पाचे होते, मागणी ऐकणाऱ्याची. करिंथमध्ये कोणी कोणाच्या हातून बाप्तिस्मा घेतला यावरून तट पडू लागले, तेव्हा पौलानेही बजावले की आपल्याला पाठवले आहे ते सुवार्ता सांगायला.

सांगायचे आणि मागणीची वाट पाहायची, हे आपल्या महाराष्ट्रात सगळ्यांत खोलवर जगले ते कवी नारायण वामन टिळक. रेल्वेत एका सहप्रवाशाने दिलेल्या बायबलने त्यांच्या मनात घर केले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्यांच्या आधाराने राहिल्या. ती वर्षे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचा, सुवार्तिकाने ते पुस्तक वाचल्याशिवाय कोणाच्या दारात जाऊ नये असे मला मनापासून वाटते. पुढे दोघे पुन्हा एकत्र आले, तरी लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले ते आपल्या गतीने, आणि बाप्तिस्मा घेतला १९०० साली, स्वतःच्या विश्वासाने. टिळकांनी वाट पाहिली.

याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त सामावणार होते. यावरून बाप्तिस्मा अनावश्यक आहे असा अर्थ कोणी काढतात. मला तो मान्य नाही. ज्याने त्यासाठी घरदार पणाला लावले, तो त्याला हलके कसे लेखेल? उंबरठ्यावर थबकलेल्यांना त्यांनी आपले म्हटले, एवढाच त्याचा अर्थ.

बाप्तिस्म्याची ही किंमत आजही मोजावी लागते. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क वाचवला, पण घरच्या पंगतीतले पान कोणताही कायदा देऊ शकत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. हे त्याला पाण्यात उतरण्याआधी तुमच्याकडून कळले पाहिजे, नंतर वकिलाकडून नव्हे. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले. या निकालाने बिथरू नका. विश्वास कोणी कोणावर लादू शकत नाही, हे आपल्या शास्त्रालाही मान्य आहे.

आणि पाण्यातून वर आलेला माणूस शिकून संपला असे समजू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. ख्रिस्त खऱ्या अर्थाने भेटला तो त्यानंतर काही वर्षांनी, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातल्या आज्ञेत बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे एकत्रच आले आहे. त्यातले दुसरे काम वर्षानुवर्षे चालते, आणि त्याचा अहवाल सहसा कोणी मागत नाही.

म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. गाढी नदीत असो की मंडळीच्या हौदात, कोणाला बाप्तिस्मा देण्याआधी मंडळीला विचारा: घरच्यांनी दार लावले तर हा माणूस उद्या कोणाकडे जेवेल, आजारी पडला तर कोण धावेल, त्याच्या लेकीच्या लग्नात कोण उभे राहील? उत्तर मिळेपर्यंत थांबा, आणि तोवर त्याला रोज भेटत राहा. प्रभू तुमच्या सेवेला आशीर्वाद देवो.