बाई, उत्तर आणलंय



सातवीत एकदा ६ फेब्रुवारीला मी वर्गात उशिरा आले. कारण विचारल्यावर म्हणाले, "आज सण होता, चर्चमध्ये मिस्सा होती." सगळे हसले. वर्गात ख्रिस्ती मी एकटीच; बाकीच्यांच्या कॅलेंडरात त्या दिवशी सण नव्हता. बाई हसल्या नाहीत. "कोणाचा सण? पुढे येऊन सांग."

थरथरत सांगितलं, की संत गोन्सालो गार्सिया आमच्या आजोळचे, वसईचे. जपानी शिकून ते फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे दुभाषी झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यांतले ते एक. १८६२ साली त्यांना संत घोषित केलं गेलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मेले ५ तारखेला, मग सण ६ ला का?" मला उत्तर येईना. बाई म्हणाल्या, "शोधून सांग." ते राहूनच गेलं.

पुढे सॉफ्टवेअरच्या कामासाठी जपानला गेले, तेव्हा नागासाकीची निशिझाका टेकडी चढले. तिथे २६ जण एका रांगेत ब्राँझमध्ये उभे आहेत. त्यांतला लुई इबाराकी १२ वर्षांचा, म्हणजे सातवीतल्या आपल्याएवढाच. तिथे तो प्रश्न पुन्हा आठवला.

तर बाई, ऐका. संताचा सण बहुधा मृत्यूच्या दिवशी असतो. तो त्याचा स्वर्गातला जन्मदिवस मानतात. पण ५ तारीख आधीपासूनच संत अगाथाची होती, म्हणून यांचा सण दुसऱ्या दिवशी.

मागच्या बाकावरच्या मित्रा, तू आला असशील तर हात वर कर. त्या दिवशी हसणं थांबवून प्रश्न विचारलास, त्याबद्दल आभार मानायचे आहेत.